खाडीतला गाळ काढायचा कसा, आणि काढून ठेवायचा कुठे

गेल्या आठवड्यात गावची सभा झाली, विषय एकच, खाडीतला गाळ. दाभोळ खाडीच्या काठावरचं आमचं गाव, सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, होड्या धक्क्यापासून लांब चिखलात बसून राहतात आणि पाणी परत चढेपर्यंत माणूस काही करू शकत नाही. तात्या म्हणाले, "पोकलेन लावा आणि काढा, त्यात काय एवढं." पोरं म्हणाली, "मोठ्या बंदरात ड्रेजर येतो तर आपल्याकडे का नाही?" (ड्रेजर म्हणजे पाण्याखालचा गाळ काढणारं जहाज.) दोघांचंही म्हणणं मनापासूनचं होतं. मी आठ-नऊ वर्षं सर्व्हे बोटीवर पाण्याची खोली मोजायचं काम केलंय म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला दोन वाक्यांत सांगता येईना, कारण ते दोन वाक्यांचं कामच नाहीये. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतोय.

घरी आल्यावर पडवीत तीन बाटल्या मांडल्या. एकीत खाडीच्या तोंडाकडची रेती आणि विहिरीचं पाणी, दुसरीत धक्क्याजवळचा चिखल आणि विहिरीचं पाणी, तिसरीत तोच चिखल पण खाडीचं खारं पाणी. तिन्ही जोरात हलवल्या आणि ठेवून दिल्या. रेती बघता बघता तळाला गेली. दुसरी बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा दुधाच्या चहासारखी गढूळ होती. तिसरीत मात्र चिखलाचे कापसासारखे पुंजके झाले आणि थोड्या वेळात ते खाली बसून वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलं. हे घरी कोणीही करून बघा, खाडीचं अर्धं गणित त्यातच आहे.

गाळ गाळ म्हणतो आपण पण तो एक पदार्थ नव्हे. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला मिनिटभरसुद्धा घेत नाही. त्याच्या दहाव्या हिश्शाचा बारीक कण, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, त्याला साधारण पाऊण तास लागतो. आणि चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण घ्या, तेवढंच एक मीटर जायला तीन दिवसांच्या वर. कण दहापट लहान झाला की बसायचा वेग शंभरपट कमी होतो असा तो हिशोब आहे. मग एवढी बारीक माती समुद्रातच निघून जायला हवी ना, खाडीत का बसते? कारण तिसरी बाटली. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना लांब ढकलत असतात, मीठ आलं की ते ढकलणं कमी होतं, कण चिकटतात, पुंजके जड होतात आणि बसतात. म्हणजे नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतं त्या पट्ट्यातच चिखल जास्त साचणार, ही कोणाची चूक नाही, खाडीचा स्वभाव आहे.

त्यात आपलं कोकण म्हणजे सह्याद्रीचा उभा उतार, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस तो पण चार महिन्यांत, आणि नद्या आखूड. वाशिष्ठी घाटातून निघते आणि सत्तर-एक किलोमीटरमध्ये आपल्या दाभोळ खाडीतून समुद्राला मिळते. डोंगरावर पाण्याला वेग असतो, दगडगोटे रेती माती सगळं घेऊन येतं, सपाटीला आल्यावर वेग पडतो तसं आधी गोटे, मग रेती आणि शेवटी खाडीत चिखल. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, व्यापार खाडीतून चालायचा, पुढे खाडी गाळाने भरत गेली, आज त्या शहराकडे बघून हे मोठं बंदर होतं असं सांगितलं तर लहान पोरं विश्वास ठेवत नाहीत.

आता पद्धतींकडे येतो. सगळ्यात जुनी म्हणजे हातपाटी आणि डुबी. होडी नांगरायची, बांबू तळात रोवायचा, माणूस तो बांबू धरून खाली जातो, बादली भरतो आणि वरचे लोक ती ओढून घेतात. कोकणच्या खाड्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या अशी वाळू निघत आलीये. यात गाळ फारसा ढवळत नाही, एका जागी मोठा खड्डा पडत नाही, पण ही वाळूची पद्धत आहे, चिखलाला उपयोग नाही, आणि त्या माणसाच्या कानांचं आणि फुफ्फुसांचं जे होतं ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे हीच पद्धत चांगली असं मी कोणाला तोंड वर करून सांगणार नाही.

दुसरी कोरड्यातली खुदाई, तात्यांची पोकलेनवाली. नदीचं पाणी कमी झालं की पात्राचा एक भाग बंधारा घालून कोरडा करायचा, पोकलेन उतरवायचं, डंपर भरायचे. गोटे, रेती, जाडा गाळ असेल तिथे हीच सर्वात स्वस्त आणि सर्वात मोजता येणारी पद्धत. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीत जलसंपदा विभागाने आणि नाम फाउंडेशनने पोकलेन-डंपर लावूनच गाळ काढला. वाशिष्ठीत एक वेगळी गोष्ट आहे, कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी तिच्यात येतं, म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा ती इतर कोकणी नद्यांसारखी कोरडी पडत नाही आणि काम त्या पाण्याच्या वेळा सांभाळून करावं लागतं. पण हेच पोकलेन आमच्या धक्क्यासमोरच्या चिखलात उतरवलं तर? बसेल. तासाभरात अर्ध्यापर्यंत बसेल आणि वरून भरती येईल. मग ते तराफ्यावर किंवा बार्जवर चढवायचं, लांब दांड्याचं घ्यायचं. पॉन्टूनवर चालणारं, म्हणजे चिखलातही तरंगणारं पोकलेनसुद्धा मिळतं. पण बादली वर येताना पातळ चिखल कडेने गळत येतो आणि त्यातलं बरंच पाण्यात परत जातं.

लोखंडी जबड्याचा ग्रॅब ड्रेजर पण याच कुळातला, क्रेनला लटकवलेला पंजा खाली सोडायचा, मिटायचा, उचलायचा. धक्क्याच्या कोपऱ्यात, बोटी लागतात त्या अरुंद जागेत तोच बरा पडतो.

आता पोरांचा ड्रेजर. पाण्याबरोबर गाळ ओढून घेणाऱ्या ड्रेजरात मुख्य दोन जाती. एक कटर सक्शन. तराफ्यासारखं जहाज, पुढे शिडीच्या टोकाला फिरणारा दातेरी गोळा, तो तळ कातरतो आणि त्याच्या मागचा पंप ते कातरलेलं पाण्यासकट ओढतो. मागच्या बाजूला दोन लोखंडी खांब असतात, त्यातला एक तळात रोवायचा आणि त्याच्याभोवती जहाज डावीकडे उजवीकडे झुलत झुलत पुढे सरकतं, बैल घाण्याला फिरतो तसं पण अर्ध्या चंद्रात. ओढलेला गाळ तरंगत्या पाइपातून थेट किनाऱ्यावर, लांब असेल तर मध्ये आणखी एक पंप लावून किलोमीटर-दोन किलोमीटर आरामात. लहान कटर सक्शन सुटे भाग करून ट्रेलरवरून आणता येतात, त्यामुळे आपल्या खाडीला शक्य असलेला ड्रेजर म्हणजे हा.

दुसरा ट्रेलिंग सक्शन हॉपर. हे खरंखुरं जहाज, चालता चालता तळावरून व्हॅक्यूम क्लीनरसारखा पाइप ओढत नेतं, पोटातल्या टाकीत गाळ भरतं, टाकी भरली की ठरवून दिलेल्या ठिकाणी खोल समुद्रात जाऊन पोटाची दारं उघडतं आणि रिकामं होऊन परत येतं. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराचं चॅनल १५ मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्याखाली तेवढा भाग बुडणाऱ्या, जहाजांसाठी खोल केलं, तसल्या कामांना या ताकदीची यंत्रं लागतात, केंद्र सरकारने १९७६ साली ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया काढलं ते पण अशाच मोठ्या बंदरांसाठी. पोरांनो, या जहाजाला स्वतःला तरंगायलाच इतकं पाणी लागतं की आपल्या धक्क्यापर्यंत यायला त्याला आधी गाळ काढावा लागेल.

एक तिसरा प्रकार आहे तो मला फार आवडतो कारण त्यात गाळ उचलतच नाहीत. जहाजावरून रुंद पाइप तळाजवळ न्यायचा आणि कमी दाबाने भरपूर पाणी तळातल्या चिखलात सोडायचं. चिखल पाणी पिऊन पातळ होतो आणि आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड असल्याने तळालगतच उताराकडे वाहायला लागतो. ओहोटीची वेळ साधली तर तो समुद्राच्या दिशेने सरकतो. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात ही पद्धत निघाली. खर्च कमी, डंपर नको, जागा नको. पण फक्त ताज्या मऊ चिखलाला चालते, रेतीला नाही, वर्षानुवर्षं घट्ट बसलेल्या चिकणमातीला तर अजिबात नाही, आणि पुढे खोल जागा असायला हवी, नाहीतर आपला चिखल खालच्या वाडीच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं होतं. धरणांमध्ये याच्या जवळपासचं तत्त्व वापरतात, पुराच्या वेळी तळाचे दरवाजे उघडून गाळ पाण्याबरोबर जाऊ द्यायचा, किंवा धरणातल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीत जो फरक असतो त्याच्यावर सायफनने गाळ ओढायचा, पंपाला वीज पण लागत नाही.

तर यंत्रं अशी. पण सभेत सगळा वेळ यंत्रावर गेला आणि एकाने पण विचारलं नाही की काढलेला गाळ ठेवायचा कुठे, आणि माझ्या अनुभवात काम फसतं ते याच प्रश्नावर.

आकडे मांडून बघू. समजा खाडीचा १ किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद पट्टा फक्त १ मीटर खोल करायचाय. झाले १ लाख घनमीटर, आपल्या भाषेत ३५ हजार ब्रासच्या वर. तळात दाबून बसलेला गाळ बाहेर काढला की फुगतो, पाव हिश्शाने फुगला धरा, सव्वा लाख घनमीटर. एका डंपरात १० घनमीटर मावतात असं धरलं तर साडेबारा हजार फेऱ्या. दिवसाला १०० फेऱ्या, आणि आपल्या गावच्या त्या एका अरुंद रस्त्यावर १०० जाताना आणि १०० येताना म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा, तरी १२५ दिवस. नदीचं पाणी उतरून जागा मोकळी व्हायला डिसेंबर उजाडतो आणि मे संपला की पाऊस, मधले हातात जेमतेम दीडशे-पावणेदोनशे दिवस, त्यात शिमगा, लग्नं, डिझेल नाही, ऑपरेटर गावाला गेला, सगळं आलं. आणि हा सव्वा लाख घनमीटर दोन मीटर उंचीचा ढीग करून ठेवला तर सव्वासहा हेक्टर जागा लागते, पंधरा-साडेपंधरा एकर. गुंठ्यावरून भावाभावांत कोर्टात जाणाऱ्या आपल्या कोकणात खाडीकाठी एकसलग सपाट पंधरा एकर कोणाकडे आहेत?

ड्रेजर लावला तर आणखी अवघड. पंपातून येतं ते चिखलाचं पाणी, एका भाग गाळाबरोबर चार-पाच भाग पाणी. ते सोडायला बांध घालून मोठे हौद करावे लागतात, तिथे गाळ बसवायचा आणि निवळलेलं पाणी वरच्या वर परत खाडीत सोडायचं. दुसरी बाटली आठवा, घाई केली तर तसलंच गढूळ पाणी परत जातं. आजकाल जिओ ट्यूब वापरतात, जाड विणलेल्या कापडाच्या भल्यामोठ्या पिशव्या, चिखल आत राहतो आणि पाणी कापडातून झिरपतं, जागा कमी लागते पण खर्च चढतो.

आणि न ठेवता काठावरच टाकला तर काय होतं ते आमच्याच शेजारच्या पऱ्यात, म्हणजे लहान ओढ्यात, बघितलंय. ठेकेदाराने मे महिन्यात पऱ्या स्वच्छ केला, खरंच छान केला, आणि गाळाचा ढीग लावला दोन्ही काठांवर. जूनच्या पहिल्या दहा दिवसांत अर्धा ढीग परत आत, आणि उरलेल्याने पुराचं पाणी शेतातून परत पऱ्यात यायची वाट अडवली, तीन कुणग्यांतला (भातखाचरांतला) रोप कुजला. त्या माणसाचं बिल निघालं होतं कारण काढलेल्या गाळाचे पैसे असतात, तो कुठे ठेवला याचे नसतात. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

शेतात टाकता येईल का? गोड्या पाण्याचा असेल तर जरूर, राज्य सरकारची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून त्याच विचारावर आहे, धरणातला, तळ्यातला गाळ शेतकऱ्याने न्यावा. खाडीचा गाळ मात्र भातशेतीत किंवा कलमांच्या बुंध्याशी टाकू नका. एक तर मीठ. दुसरं म्हणजे कांदळवनातला तो काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास येणारा, त्यात गंधकाची संयुगं असतात, हवेत उघडा पडून सुकला की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते जमीन आणि विहीर दोन्ही खराब करतं. वरच्या बाजूला कारखाने असलेल्या खाडीत तर काढायच्या आधी गाळाची लॅबमध्ये तपासणी व्हायलाच हवी, कारण जड धातू बारीक मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं तळाशी गप्प बसलेले असतात, ढवळलं की ते परत पाण्यात आणि पाण्यातून तिसऱ्यांत (खाण्याच्या शिंपल्यांत) आणि कालवांत.

तिसऱ्यांवरून सांगतो, सुकतीला आई आणि मावश्या ज्या जागी तिसऱ्या काढायला जातात ती जागा नकाशात कुठेही नसते. कटर तिथून फिरला तर त्या जागेचा वरचा थर गेला, तिसऱ्या त्यातच असतात. कामाच्या नकाशावर आधी त्या बायकांकडून या जागा आखून घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे, सर्व्हेवाल्यांना ते माहीत असणं शक्यच नाही.

पुराबद्दल पण बोलायला हवं कारण सभेत "गाळ काढला की पूर जाईल" हे चारदा ऐकलं. वरच्या नदीत, पात्रात गाळाची बेटं होऊन वाट अरुंद झालीये तिथे ती काढल्याने पाणी नक्की लवकर निघतं, पाण्याला जायला जास्त जागा मिळते. पण खाडीच्या पट्ट्यात पाण्याची पातळी समुद्र ठरवतो. तिथे कितीही खोल खड्डा करा, तो भरतीच्या पाण्याने आधीच भरलेला असणार, पुराच्या पाण्यासाठी रिकामा थोडाच राहणार आहे. आणि दोन उथळ जागांच्या मध्ये एक खोल डोह केला तरी पाणी पुढच्या उथळ जागेवरच अडतं, म्हणून काम खालून, समुद्राच्या बाजूने, वर करत जायचं असतं. जास्त खोल केलं तर उलटा त्रास पण आहे, खारं पाणी आणखी आत चढतं, काठाच्या विहिरी मचूळ होतात, काठ ढासळतात, पुलाचे पाये उघडे पडतात.

खाडीचं तोंड उघडं ठेवणारी खरी यंत्रणा भरती-ओहोटीच आहे, दिवसातून दोनदा एवढं पाणी आत येतं आणि बाहेर जातं, ते जाता जाता तोंडाशी आलेली रेती ढकलत जातं. जेवढं जास्त पाणी आत मावेल तेवढी ही ढकल मोठी. मग खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी पसरतं त्या सखल जागा, बांध घालून बंद केली, कांदळवनात भराव टाकले, म्हणजे आत येणारं पाणीच कमी केलं, तर तोंड बारीक होत जातं आणि आपण म्हणतो गाळ वाढला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी बंदराच्या तोंडाशी गाळाची तक्रार वर्षानुवर्षांची आहे, एकदा काढून संपत नाही, तिथे नेमाने काढत राहण्याचा खर्च धरूनच बंदर चालवावं लागतं. आपल्या धक्क्याचं पण तसंच असणार, हे आत्ताच मान्य केलेलं बरं.

शेवटी मोजणी, ते माझं काम. काम सुरू व्हायच्या आधी एक सर्व्हे आणि संपल्यावर लगेच दुसरा, त्याच रेषांवर, दोन्हींतला फरक म्हणजे काढलेला गाळ. डंपरच्या फेऱ्या मोजून पैसे देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, डंपर अर्धा भरलेला पण असतो. बोटीखालून आवाज सोडून तो परत यायला लागणाऱ्या वेळावरून खोली काढतात. चिखलात यात एक गंमत आहे, २०० किलोहर्ट्झचा बारीक आवाज पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत येतो, ३३ किलोहर्ट्झचा जाडा आवाज आत शिरून घट्ट तळावरून परत येतो, त्यामुळे एकाच जागेची खोली दोन मीटरही येऊ शकते आणि तीन मीटरही, दोन्ही खरीच. रॉटरडॅम बंदरात पाण्याच्या १.२ पट घनतेपर्यंतचा चिखल जहाजाला पाण्यासारखाच मोकळा धरतात. म्हणून करारात कुठला आवाज, कुठली पातळी शून्य धरली, हे लिहून घ्यायचं, नाहीतर एक चमचा गाळ न काढता नुसता आवाज बदलून मीटरभर खोली वाढलेली दाखवता येते.

येत्या अमावास्येच्या उधाणाला, पूर्ण सुकती झाल्यावर, धक्क्यापासून तोंडापर्यंत बारा जागी बांबूवर खुणा करून खोली मोजायचं ठरवलंय, प्रत्येक जागचा चिखल वेगळ्या बाटलीत भरायचा आणि बाटलीवर जागा लिहायची. तिसऱ्यांच्या जागा दाखवायला आई आणि दोन मावश्या येतायत. गावठाणाला लागून पडीक किती गुंठे आहेत त्याचे सातबारे सरपंच काढून ठेवणार आहेत. होडी तात्यांनी दिलीये, अजून एक लागेल.